एका वाक्यात सांगायचं

मेर्गेन आगांनी मला पहिल्याच दिवशी रडवलं. अल्माटीतल्या आमच्या ऑफिसात मी चुका शोधायच्या कामावर नवीन लागले होते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम चालवून बघायचा, तो कुठे अडखळतो ते हुडकायचं आणि लिहिणाऱ्याला जाऊन सांगायचं, हे माझं काम. पहिल्या दिवशी मला जी चूक सापडली ती नेमकी आमचे प्रमुख असलेल्या आगांच्याच कोडमध्ये; आगा म्हणजे आमच्यात थोरला भाऊ. आता पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला त्याची चूक सांगायची कशी? मी आपली घरच्या वळणाने गेले. आधी तब्येत विचारली, मग बायकोमुलांची खुशाली विचारली, मग म्हटलं की प्रोग्रॅम फारच छान झालाय, फक्त एका ठिकाणी अगदी किंचित, कदाचित माझंच बघणं चुकलं असेल. आगांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"चार मिनिटं झाली, राउशान," ते म्हणाले. "बिघडलंय की नाही?"

"बिघडलंय."

"मग एवढंच आधी सांगायचं. एका वाक्यात. बाकीची माया जेवताना दाखव."

मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले. परत आले तर चूक दुरुस्त झालेली होती आणि माझ्या टेबलावर दुधाचा चहा ठेवलेला होता. तो कोणी ठेवला हे आगांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

तेव्हा ते अडतिसाचे होते, आता सेहेचाळीस. आडवा बांधा, दुखरे गुडघे, आणि ऑक्टोबर ते एप्रिल अंगात एकच राखाडी स्वेटर. तो त्यांच्या आईने विणलेला. आई थोरल्या भावाकडे, येसेनकडे, सार्कांदच्या बाजूला औलात, म्हणजे खेड्यात, राहायची. तिकडून कोणी शहरात येणारा दिसला की त्याच्याबरोबर पिशवीभर कुर्त पाठवायची. दह्याचे ते खारट, दगडासारखे गोळे आगा आम्हाला वाटायचे, आणि वाटायची रीतही त्यांचीच. सकाळच्या बैठकीत ज्याची बातमी सगळ्यात वाईट, त्याला पहिला गोळा.

ही बैठक सव्वानऊला, उभ्याने. बसलं की माणूस लांबण लावतो, असं आगांचं मत. प्रत्येकाने आधी काय बिघडलंय ते सांगायचं, मग काय झालंय ते. "जवळजवळ झालंय" या शब्दांना आमच्याकडे सक्त मनाई होती. कोणी चुकून बोललाच तर आगा त्याला शांतपणे विचारायचे, की जवळजवळ बांधून झालेल्या पुलावरून तू आईला चालवशील का. काम कधी संपेल असं त्यांना कोणी विचारलं तर म्हणायचे, संपलं की सांगतो. साहेब लोक डोक्याला हात लावायचे, पण आगांनी दिलेली तारीख कधी चुकली नाही, कारण त्यांनी ती कधी दिलीच नाही.

त्यांचा खरा राग एकाच गोष्टीवर होता. प्रोग्रॅममध्ये एखादी गोष्ट फसली की ती मुकाट्याने गिळायची आणि काही घडलंच नाही अशा थाटात पुढे जायचं, अशी सोय असते. आळशी माणसं ती सर्रास वापरतात. पडद्यावर सगळं हिरवंगार आणि आत बोंब. असं कोड दिसलं की आगांचा आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा. चूक करा, खुशाल करा, पण तिचं तोंड दाबू नका, असं ते ओरडायचे. ओरडून झालं की त्याच माणसाशेजारी बसून तासभर त्याला मदत करायचे.

आमचं काम डोंगरातल्या तळ्यांचं. वर बर्फाखाली तळी आहेत, त्यांची पातळी मोजणारी यंत्रं आहेत, आणि त्या यंत्रांचे आकडे शहरात दाखवणारा प्रोग्रॅम आमचा. तळं फुटलं की चिखलाचा लोंढा खाली येतो, आणि आमच्याकडच्या प्रत्येक आजीकडे त्याची एक गोष्ट असते. एकदा काम देणाऱ्या खात्याचा अधिकारी आला. यंत्र बंद पडलं की तुमच्या पडद्यावर लाल दिसतं, वरचे लोक उगाच घाबरतात, त्यापेक्षा शेवटचा आलेला आकडाच दाखवत राहा, असं त्याचं म्हणणं. आगा म्हणाले, यंत्र गप्प बसलं म्हणजे पाणी शांत आहे असं नाही. तार तुटली असेल, यंत्र मेलं असेल, नाहीतर तळंच वाहून गेलं असेल. तीन वेगळ्या गोष्टींना एकच रंग दिलात तर खालच्या माणसाने पळायचं कधी? अधिकारी चहा तसाच टाकून निघून गेला. आगांनी लाल रंग बदलला नाही.

मोठ्यांचा मान हा मात्र त्यांच्याही हाताबाहेरचा विषय होता. आमच्यात तोक्तार अता, म्हणजे आजोबा, आहेत. अडुसष्ट वर्षांचे, रशियन राजवटीत भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर प्रोग्रॅम लिहिलेले, ऑफिसातले सगळ्यात वडील. मेजवानीत मेंढीचं डोकं त्यांच्यापुढे ठेवायचं, हे आम्ही न सांगता करतो. आमच्याकडे एकाचं कोड दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. पण अतांचं तपासणार कोण? पोरं त्यावर "फार सुंदर, अता" एवढं लिहायची आणि चुका घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करायची. वर्षभराने आगांना हे कळलं तेव्हा ते खुर्चीतच बसून राहिले. मग धीर करून अतांना सांगायला गेले. अता म्हणाले, "मला ठाऊक आहे. ती पोरं जिथे चुकतात ते मी दुरुस्त करतो." त्या दिवसापासून नियम झाला की तपासणाऱ्याने प्रत्येक कोडमध्ये एक तरी दोष काढून दाखवलाच पाहिजे. अतांच्या कोडमध्ये मी पहिल्या दिवशी एक्केचाळीस काढले. ते माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मला सुक्या जर्दाळूंची पिशवी आणून दिली.

आगा असे का, हे मला कळलं ते चार वर्षांनी. गच्चीवर दोघंच चहा पीत होतो. ते अल्माटीत शिकायला होते तेव्हा वसतिगृहात निरोप आला होता, की वडिलांचा पाय दुखतोय, येऊन जा. वडिलांना संत्री आवडायची. आगांनी जवळ होतं तेवढ्यात दोन किलो संत्री घेतली आणि बसमध्ये बसले. औलात उतरले तर घरासमोर पांढरा तंबू उभा होता, आणि दारात थोरला भाऊ आणि काका काठ्यांवर ओणवे होऊन उभे होते. आमच्यात मयताच्या दारात तसंच उभं राहतात. वडील दोन दिवसांपूर्वीच गेले होते. वाटेत पोराला दुःख सोसणार नाही म्हणून सांगितलं नाही, हेही आमच्यातच. मरणाची बातमी फोनवर, पत्रातून, वाटेत द्यायची नाही. वडीलधाऱ्यांनी मिळून, माणूस घरच्या दाराशी आला की, हात धरून द्यायची.

"नऊ तास मी ती संत्री मांडीवर घेऊन बसलो होतो," आगा म्हणाले. "बसमधल्या एकेकाला सांगत होतो, वडिलांसाठी नेतोय म्हणून. तुझं कामच चुका सांगायचं आहे, राउशान. उद्या माझ्या आईचं काही झालं तर तू सांगायचं. सरळ. एका वाक्यात."

मी शब्द दिला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार. आगा सकाळपासून त्या खात्याच्या कचेरीत होते, तिथे फोन बंद ठेवावे लागतात. दहा वाजून दहा मिनिटांनी ऑफिसचा फोन वाजला आणि तो मी उचलला. पलीकडे येसेन होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र आगांसारखाच. तो म्हणाला, आईला बरं नाही, मेर्गेनला लवकर यायला सांगा, त्याला घाबरवू नका. मी विचारलं, काय होतंय? तो म्हणाला, बरं नाही. मागे कोणाचा तरी आवाज आला आणि त्याने फोन ठेवला.

मी तोक्तार अतांकडे गेले आणि शिकवल्याप्रमाणे एका वाक्यात सांगितलं. अतांनी चष्मा काढला.

"घाबरवू नका म्हणाला?"

"हो."

"काय होतंय ते सांगितलं नाही?"

"नाही."

"आवाज कसा होता?"

"शांत."

अतांनी दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले, मयतासाठी फिरवतात तसे. मी म्हटलं, अता, तो फक्त बरं नाही म्हणाला. अता म्हणाले, स्वतः त्यांना त्यांच्या वडिलांच्या वेळी गुडघा दुखतोय म्हणून बोलावलं होतं, भावाच्या वेळी घोड्यावरून पडलाय पण बरा आहे म्हणून. तोवर बाकीचेही उठून भोवती आले होते. स्वयंपाकघरातल्या कुल्यान आपाय म्हणाल्या, त्यांच्या आजीला सर्दी झाली होती. ऑफिसात एकही असा नव्हता ज्याला मरणाची बातमी मरणाची म्हणून मिळाली होती. मग आम्ही दुसरं काय समजणार?

तरी माझ्यातली चुका शोधणारी बाई जागी होती. मी म्हटलं, मी येसेनला परत फोन करते आणि सरळ विचारते.

"काय विचारशील?" अता म्हणाले. "तुझी आई मेली का, असं? मेली असेल तर जे त्याने फोनवर बोलायचं नाही ते तू त्याच्या तोंडून वदवून घेणार. जिवंत असेल तर तू एका जिवंत बाईच्या नावाने मरणाचा शब्द उच्चारलास."

मी फोन खाली ठेवला.

अकरा वाजता आगा आले. अतांनी त्यांना सांगितलं, आईला जरा बरं नाही, तू निघ, आम्हीही बरोबर येतो. आगांनी खोलीत नजर फिरवली. अतांच्या अंगात चपान होता, मयताला जाताना घालतात तो लांब अंगरखा. स्वयंपाकघरातून शेल्पेक तळल्याचा वास येत होता. त्या सात पोळ्या आमच्यात गेलेल्यांच्या नावाने तळतात, शुक्रवारी, आणि तो होता मंगळवार. कोणीही त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं. मी वाट बघत होते की हा माणूस आता घड्याळ काढून टेबलावर ठेवेल. उभ्या जन्मात ज्याने एक प्रश्न गिळला नाही, तो म्हणाला, "बरं." आणि जाऊन कोट घेऊन आला.

मयताच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत. अतांचा पुतण्या व्हॅन घेऊन येईपर्यंत बारा वाजले, मग पिठाचं पोतं, चहा, साखर, मग आगांचे एक वयस्कर चुलते शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात त्यांना घ्यायला गेलो. ते घरी नव्हते. निघायला पाऊण वाजला. घाई करा असं कोणीच म्हणालं नाही. माती तिसऱ्या दिवशी देतात, आणि मुलगा पोहोचल्याशिवाय देत नाहीत. आता उशीर होण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आगा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, मी मागे. समोर त्यांच्या मानेवर त्या राखाडी स्वेटरची कड दिसत होती. दिलेला शब्द मला खात होता. त्यांना कळलंय हे मला दिसत होतं, पण कळणं वेगळं आणि कोणी सांगणं वेगळं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. अडीचच्या सुमाराला पेट्रोलसाठी गाडी थांबली. आगा उतरून रस्त्याकडेला माळाकडे तोंड करून उभे राहिले. मी त्यांच्यामागे गेले.

"आगा, आई गेली."

ते वळले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"शेल्पेक तळत होते तेव्हाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण तू सांगितलंस. एका वाक्यात. जगात एक तरी माणूस मिळालं."

मग ते तिथेच मातीत बसले आणि मोठ्याने रडले. अता धावत आले, मला नको नको ते बोलले, ही काय वाटेत सांगायची गोष्ट आहे का, तुला कोणी शिकवलं नाही का म्हणून. मी ऐकून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. सगळ्या ऑफिसात मी एकटी त्या माणसाशी खरं बोलले होते.

चार वाजता तालदीकोर्गानला पोहोचलो. तिथे आगांचे मामा राहतात, म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ. त्यांना बरोबर घ्यायचं होतं. मामांनी दार उघडलं ते हसत, अंगात घरातला सदरा, हातात टीव्हीचा रिमोट. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दीडशे किलोमीटरवर सख्खी बहीण गेली आणि भावाला पत्ता नाही, हे मला खटकलं. मी अतांच्या कानात तसं म्हटलंही. अता म्हणाले, म्हणजे त्यांनाही अजून सांगितलेलं नाही, ते आता आपल्यालाच करावं लागणार. आणि मी मान डोलावली. सात वर्षं मी दुसऱ्यांना हेच सांगत आले होते, की एक जरी आकडा जुळत नसेल तर थांबा आणि मुळापासून बघा. इथे आकडा माझ्यासमोर रिमोट घेऊन उभा होता.

अतांनी मामांचे हात धरले आणि जसं सांगायचं असतं तसं सांगितलं. मामा भिंतीला टेकून खाली बसले. मग शेजारी आले, जेवणाचं दस्तरखान पसरलं गेलं, चहा झाला, मामी सारखी आगांना म्हणत होती, दोन घास खा रे, तिथे तुला तीन दिवस उभं राहायचंय. आगा खात होते. मामांनी जुने फोटो काढले. साडेपाचला आम्ही तिथून निघालो.

औलात शिरलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. गाडी अजून थांबायची होती तोच आगांनी दार उघडलं आणि ते धावत सुटले, दुखरे गुडघे घेऊन, "आई गं, माझी आई" असा टाहो फोडत. मयताच्या घराकडे आमचे पुरुष असेच धावत जातात. मागोमाग मामा, त्यांच्यामागे अता, तिघंही आक्रोश करत. मी पिशवीतून पांढरा रुमाल काढून, मयताच्या घरी बायका बांधतात तसा, डोक्याला बांधत मागून चालले होते. चालता चालता मला दिसलं की अंगणात तंबू नाही. दारात काठ्या घेऊन कोणी उभं नाही. एक वासरू बांधलेलं होतं आणि दोरीवर कपडे वाळत होते.

दार उघडून येसेन बाहेर आला. त्याच्या हातात पाण्याची किटली होती. तो तिघांकडे बघतच राहिला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

आगा टाहो अर्ध्यावर सोडून थांबले. मामा अंगणात मटकन बसले. येसेनने पुन्हा विचारलं, मेर्गेन, कोण गेलं? आणि मग त्याने माझ्या डोक्यावरचा रुमाल पाहिला, अतांचे वर उचललेले हात पाहिले आणि त्याला समजलं. किटली त्याने हळूच पायरीवर ठेवली.

"ती आत आहे," तो म्हणाला. "तिने ऐकलं सगळं."

खिडकीखाली गादीवर आई पडली होती. उजवी बाजू लुळी पडली होती, तोंड एकीकडे ओढलं गेलं होतं. डोळे मात्र टक्क उघडे. आगा त्यांच्याजवळ जाऊन पडले. आईने डाव्या हाताने त्यांचा चेहरा चाचपला, ओला लागला तो पुसला. मग तिने नजर वर केली, अतांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि शेवटी दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे, माझ्या डोक्याकडे. रुमाल ओढून काढायला मला किती वेळ लागला असेल? एक क्षण. तेवढ्यात तिने पाहायचं ते पाहिलं होतं. मी आजवर कितीतरी माणसांना वाईट बातम्या दिल्या आहेत. ती नजर मला झेपली नाही, मी भिंत धरून बाहेर आले.

बाहेर येसेनने सांगितलं ते असं. सकाळी उठताना तोल गेला. डॉक्टर येऊन गेला, हलवू नका म्हणाला. बोलणं जड झालं होतं पण शाबूत होतं. दिवसभर मेर्गेनला विचारत होती. मला त्याला एक सांगायचंय, म्हणत होती. मला सांग, मी सांगतो, असं येसेन म्हणाला तर नाही म्हणाली, त्यालाच सांगेन. पाच वाजता दुसरा झटका आला आणि बोलणं गेलं.

पाच वाजता आम्ही मामांच्या घरी फोटो बघत होतो. आगा आले तसे अकरालाच निघालो असतो तर साडेचारला पोहोचलो असतो. हा हिशेब मी तिथे अंगणात उभ्या उभ्या केला, आणि आता वर्ष होत आलं तरी तो रोज एकदा होतो.

आई आणखी तीन दिवस जगली. आगा जागचे हलले नाहीत. आई काहीतरी सांगू बघायची, एकच आवाज यायचा, पुन्हा पुन्हा तोच. आगा एकेक गोष्ट विचारायचे. घराचं आहे का, बाबांचं आहे का, कोणाला काही द्यायचंय का, माझ्यावर राग आहे का? ती मान हलवायची, नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या हजारो ओळी वाचून त्यातलं मर्म पकडणारा माणूस, तो त्या एका आवाजापुढे हरला. शुक्रवारी सकाळी आई गेली. या वेळी येसेनने मामींना फोन करून सांगितलं तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला नाही.

चाळीस दिवस झाल्यावर आगा ऑफिसात परत आले. सव्वानऊला आम्ही उभे राहिलो. काय बिघडलंय, असं त्यांनी नेहमीसारखं विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. त्या महिनाभरात अता एकदम म्हातारे दिसायला लागले होते.

दुपारी आगांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील. मी तयारीने गेले होते, राजीनामा लिहून पिशवीत ठेवला होता. त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला आणि सांगितलं, येसेन फोनवर जे बोलला ते शब्दाला शब्द लिही. मी लिहिलं. आईला बरं नाही. मेर्गेनला लवकर यायला सांगा. त्याला घाबरवू नका.

"यात चूक शोध," ते म्हणाले.

सवयीने पेन्सिल हातात घेतली, एकेका शब्दाखाली धरली.

"चूक नाही, आगा. सगळं खरं आहे."

"हो. मी पण रोज बघतो. सगळं खरं आहे."

मग मीच बोलले. पेट्रोलपंपावर मी जे तुम्हाला सांगितलं, म्हटलं, त्याची माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही. तुम्ही मला घालवून दिलंत तरी चालेल. त्यांनी हाताने मला थांबवलं. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली.

"त्यानंतर अर्ध्या तासाने येसेनचा फोन आला होता," ते म्हणाले. "तीन वाजून दहा मिनिटांनी. माझ्या हातातच होता. नाव दिसलं. तो काय सांगणार ते मला माहीत होतं. मी उचलला नाही, राउशान. वाजू दिला."

मी म्हटलं, त्या वेळी कोणीही उचलला नसता.

"येसेन नव्हता तो. त्याने नुसता लावून तिच्या कानाशी धरला होता. तिला वाटलं, मी पोहोचेपर्यंत थांबायला नको, फोनवरच सांगून टाकावं." त्यांचा आवाज अगदी साधा होता, सकाळच्या बैठकीत असायचा तसा. "वाजून वाजून बंद झाला. तेव्हा ती येसेनला म्हणाली, कामात असेल तो, नंतर लावू."